दुबईचा नवरा, सुरतेचा नवरा

मैत्रिणींनो, टाकलेल्या बायकांच्या पोटगीबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण मुदतीबद्दल बोलत नाही. वकील म्हणतो, ‘बाई, मुदत गेली,’ आणि आपण गप्प बसतो.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यातले कलम १५(५) बघा. ज्याच्यावर दावा लावायचा तो भारताबाहेर असेल, तर तेवढा काळ मुदतीत धरत नाहीत. ही तरतूद इंग्रजी अमदानीतली. १९०८ च्या कायद्यातही ती होती. पण माणूस देशातच गडप झाला तर? एक दिवसही वगळत नाहीत.

हिंदू स्त्रीला थकलेल्या पोटगीचा दिवाणी दावा लावायला तीन वर्षे मिळतात, आणि ती प्रत्येक हप्ता देय झाल्या दिवसापासून मोजतात. समजा, दोन नवरे पाच वर्षे गायब आहेत, एक दुबईला, एक सुरतेला. दुबईवाल्याच्या बायकोला पाचही वर्षांची थकबाकी मागता येते. (हाती किती लागते, ही निराळी कथा!) सुरतवाल्याच्या बायकोचा मात्र चौथ्या वर्षापासून दर महिन्याला एक जुना हप्ता गळून पडतो. न्यायाधीशाला दया आली तरी उपयोग नाही. उशीर माफ करण्याचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही.

दुसरीकडे, बेपत्ता माणूस मेला असे धरायला पुराव्याचा कायदा सात वर्षे थांबतो. म्हणजे ती विधवा ठरायला सात वर्षे, आणि तिचा हप्ता मरायला तीन!

वकील सांगतील, पत्ता नसला तरी दावा लावता येतो. शेवटच्या राहत्या घरावर समन्स चिकटवून किंवा वर्तमानपत्रात छापून बजावणी होते. खरे आहे. म्हणूनच केंद्रात आलेल्या बाईला ‘तो सापडू दे, मग बघू’ असे कधीही सांगू नका. तारखा मोजा, दावा लावा. हुकूमनामा मिळाला की अंमलबजावणीला बारा वर्षे असतात. पण जाहिरातीचा खर्च, वकिलाची फी आणि मजुरी बुडवून घातलेल्या खेपा हे सगळे तिच्याच डोक्यावर. पळाला तो, पैसे मोजायचे तिने.

घड्याळ थांबवता येत नाही असे मुळीच नाही. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्यांच्याच मुदतीतून वगळला.

तेव्हा १५(५) ची सवलत देशात दडून बसलेल्या नवऱ्यालाही लावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. मात्र सरसकट नको. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाईसुद्धा पत्ता लपवूनच राहते. तिच्यामागे सावकाराचा दावा जन्मभर जिवंत ठेवायचा का? सवलत पोटगी आणि स्त्रीधनापुरतीच असावी, आणि पोलिसांत बेपत्ता नोंद केल्या दिवसापासून मिळावी. फौजदारी कायद्याखालच्या पोटगीची (पूर्वीचे कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १४४) वसुली तर एका वर्षाच्या आत मागावी लागते. मागणीपत्रात तेही घालू.