होर्मुझच्या तळाचं पाणी



२०२० साली इस्रायल आणि अमिराती यांच्यात करार झाला, आणि त्यानंतर आपल्यातले बरेच जण दुबई-अबू धाबी पाहून आले. बुर्ज खलिफाचे फोटो सगळ्यांनीच दाखवले. पण आपण पडलो कोकणातली माणसं. आम्हांला विचाराल तर दुबईत आधी जावं ते देऱ्याच्या मासळी बाजारात. सुरमई आहे (तिकडे तिला कनाद म्हणतात), हामूर आहे, शेरी आहे. खवल्यांची मासळी हवी तेवढी! ही मासळी जिथे वाढते त्या आखाताच्या पाण्याविषयी आज थोडं लिहितो, कारण ते पाणी काही तिथेच राहत नाही.

आखात म्हणजे एक उथळ परात समजा. सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. वर ऊन असं की वर्षाला दीड-दोन मीटरचा थर वाफ होऊन जातो, आणि नद्यांचं गोडं पाणी त्या मानाने फारच थोडं. ही तूट भरायला होर्मुझच्या सामुद्रधुनीतून अरबी समुद्राचं पाणी आत येतं आणि इराणच्या बाजूने पुढे सरकतं. इकडे अमिरातीच्या उथळ किनाऱ्याला ते आटून खारट होतं. एरवी उबदार पाणी वर तरंगतं, पण हे मिठाने जड झालेलं. ते तळाला बसतं आणि तळातळानेच होर्मुझमधून बाहेर पडतं. पुढे ओमानच्या आखातात दोन-तीनशे मीटर खोल उतरून अरबी समुद्रात पसरतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरच्या खाली, पार हजार मीटरपर्यंत, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. आखातातून आलेलं पाणी त्या थराच्या वरच्या भागाला थोडा श्वास पुरवतं.

आत येणारं पाणी मात्र नेहमीच चांगलं काही आणतं असं नाही. ऑगस्ट २००८ मध्ये अमिरातीच्या पूर्व किनाऱ्याला समुद्र लालसर झाला. एका सूक्ष्म शेवाळाची ही करामत. ते होर्मुझच्या आत पसरलं, आठ महिन्यांहून जास्त टिकलं, हजारो टन मासळी मेली. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला बसून राहिल्या. समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखानेही काही ठिकाणी बंद ठेवावे लागले. अश्कलोनच्या कारखान्याचं पाणी २००५ पासून पिणाऱ्या आपल्या लोकांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

आता प्रश्न उष्णतेचा. तिथली प्रवाळं भारी चिवट. इतर समुद्रांतली जिथे मरतील तिथे, ३५ अंशांच्या पाण्यातही ती तग धरतात. पण २०१७ च्या उन्हाळ्यात वारा पडला, पाणी थंड व्हायला वावच मिळेना. अबू धाबीकडची ९४ टक्के प्रवाळं पांढरी पडली, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत दोन तृतीयांश गेली. प्रवाळ गेलं की हामूरचं घरच गेलं म्हणायचं.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी शाखेतले झुहैर लाश्कर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये संगणकावर हिशेब मांडून दाखवलं, की आखात जास्त तापलं तर हे बाहेर जाणारं पाणी हलकं होतं आणि पूर्वीइतकं खोल उतरत नाही. मग खालचा ऑक्सिजन आणखी घटतो. असा निर्जीव थर फुगून वर आला की कुप्यासारख्या मोठ्या माशांना पोहायला वरचा पातळ थर तेवढा उरतो. दुबईतलं ऊन आणि अरबी समुद्रातला कुपा यांचा संबंध हा असा! नवगाव-अलिबागसमोरही शेवटी समुद्र तोच.

कोणी हिवाळ्यात तिकडे जाणार असेल, तर शमाल वारा सुटलेला असेल. हॉटेलवाले म्हणतील, आज समुद्रात उतरू नका. खुशाल किनाऱ्यावरच बसा. ते जड, खारं पाणी थंड होऊन तळाला जातं ते त्याच दिवसांत.