सोवळ्यात कोसळणारे वाडे

जुन्या इमारतीचा मान राखायचा तर ती रिकामी ठेवली पाहिजे, असा एक विलक्षण समज आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींत घर करून बसला आहे. वाड्यात खानावळ निघाली तर वाडा बाटला, दुकान निघाले तर वाडवडिलांची अब्रू गेली. असल्या वापरापेक्षा तो पडलेला बरा, असे म्हणणारे गृहस्थ चांगले सुशिक्षित असतात, आणि वाडा खरोखरच पडला की याच त्रैमासिकाकडे हळहळीचे लेख पाठवतात. या समजाविरुद्ध आम्हाला आज लिहायचे आहे आणि त्यासाठी उदाहरण घ्यायचे आहे ते एका पानगृहाचे. 1960 मध्ये जन्मल्यापासून दारूबंदी पाळणाऱ्या राज्यात बसून असले उदाहरण देणे धाडसाचे खरे. पण याहून नेमके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पूर्वेस, कोलंबिया नदीच्या घळीच्या तोंडाशी ट्राउटडेल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे 1911 मध्ये मल्टनोमा कौंटीने, म्हणजे तेथल्या जिल्हा प्रशासनाने, एक ‘पुअर फार्म’ बांधला. निराधार, म्हातारे, कामधंदा गेलेले अशा लोकांना सरकारी खर्चाने आसरा द्यायचा आणि ज्यांचे हातपाय चालतात त्यांनी शेतात, गोठ्यात, मुदपाकखान्यात राबून आपले अन्न पिकवायचे, अशी ही व्यवस्था. तेथे जाऊन राहण्याची वेळ येणे ही त्या काळी कुटुंबाची नामुष्की समजली जाई. पुढे त्याच जागेचे शुश्रूषागृह झाले, 1982 मध्ये तेही बंद पडले. दारे-खिडक्या फुटल्या, टवाळखोरांचा वावर सुरू झाला आणि सर्व इमारती पाडून जमीन मोकळी करावी असे प्रशासनाच्या मनाने घेतले. गावातील इतिहासमंडळ आडवे आले. तेथे ना राजा राहिला होता ना सेनापती, राहिली होती ती कफल्लक माणसे. तरीही ही वास्तू आमच्या गावाची आहे, असे त्या मंडळाचे म्हणणे होते. 1990 मध्ये मॅकमेनामिन नावाच्या दोन भावांनी ती जागा विकत घेतली. ऑरेगनमध्ये 1985 च्या कायद्याने, बिअर जेथे बनते तेथेच ती ग्राहकाला पाजण्याची मुभा मिळाली होती. अशा जागेला तिकडे ‘ब्रूपब’ म्हणतात. आणि हे तेच राज्य, ज्याने संपूर्ण अमेरिकेच्या चार वर्षे आधी, 1916 पासून, दारूबंदी लागू केली होती! असो.

पोर्टलंडजवळ नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने आम्हाला तेथे नेले. पूर्वी ज्या इमारतीत शेतातील फळे-भाज्या डबाबंद होत, तेथे आता बिअरच्या टाक्या आहेत. जुन्या वीजघरात लोक जेवायला बसतात. मुख्य इमारत विटांची, समोर पांढऱ्या खांबांची पडवी. वरच्या खोल्यांत प्रवासी उतरतात. खोल्यांत दूरचित्रवाणी नाही, आणि बऱ्याच खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघरही नाही. ते मार्गिकेच्या टोकाला, सर्वांना मिळून. (आम्ही घेतली की नाही, अशी चौकशी करणारे काही वाचक असणारच. घेतली. अर्धा पेला. कडवट लागली.) मात्र आम्ही थबकलो ते भिंतींपाशी. चित्रकारांना बोलावून तेथल्या भिंती, दारे, इतकेच काय पाण्याचे नळसुद्धा रंगवून घेतले आहेत; आणि त्या चित्रांत आहेत ते या निराधारगृहात राहून गेलेले लोक, त्यांचे शेत, त्यांची कामे. शिवाय, या इमारती कशासाठी बांधल्या होत्या हे पाहुण्यापासून कोणी लपवत नाही. ज्यांना जगताना कोणी विचारले नाही, अशी माणसे एका पानगृहाच्या भिंतीवर टिकून राहिली आहेत.

हे सारे निर्मळ आहे असे आमचे म्हणणे नाही. सुखवस्तू पाहुण्याने पैसे मोजून दरिद्र्याच्या खोलीत एक रात्र काढावी आणि सकाळी तिचे कौतुक करीत निघून जावे, यात काहीतरी खुपते. गरिबीची सजावट होण्याचा धोका तेथे आहेच. धंदा तो धंदाच. तथापि त्या धंद्यातून छप्पर दुरुस्त होते, खिडक्यांना काचा बसतात, आणि गावातला कोणीही माणूस दार ढकलून आत जाऊ शकतो. इतिहासमंडळाने पाडापाडी थांबवली हे खरे. पण नुसत्या निवेदनांनी गळती थांबत नसते.

आता आपल्याकडे पाहू. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. दिवाण भाऊ तांबेकरांचा तो वाडा, त्यातील भित्तिचित्रे, ही आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत म्हणून उभी आहेत. पण खाते किती वाड्यांना पुरे पडणार? बाकीच्यांचे आपण काय केले? वारसांत वाटण्या झाल्या, चौकाच्या मधोमध भिंत आली, ओसरीवरचा भाडेकरू वर्षानुवर्षे नाममात्र भाडे देत राहिला आणि मालक त्या भाड्यात एक कौलही बदलू शकला नाही. मग सागवानी तुळया आणि नक्षीचे खांब जुन्या बाजारात गेले, जागेवर सदनिका उठल्या, आणि फाटकावर मात्र आडनावापुढे ‘वाडा’ हा शब्द पितळी अक्षरांत चढला. यात मद्याचा थेंब नव्हता, सारे काही सोवळ्यात झाले. शहराची मोठी वास्तूही याच प्रश्नापाशी येते: न्यायमंदिराच्या 1896 सालच्या इमारतीतून 2018 मध्ये न्यायालये हलली, आणि आता येथे काय, असे बडोद्याला विचारावे लागले.

बडोद्यात पानगृह काढा, असे आम्ही सुचवीत नाही. कायदा ते होऊ देणार नाही आणि आमचा तसा आग्रहही नाही. वास्तूचा अपमान तिच्यात काय विकले जाते यावरून ठरत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. येथे कोण राहिले, कोणी धुणी धुतली, माजघरात कोणत्या विधवा आत्याने आयुष्य काढले, हे पुसून टाकले की अपमान होतो. आपल्या वाड्यांच्या गोष्टींत फडणीस आणि दरकदार भेटतात. पाणक्या आणि मोलकरीण कधी भेटत नाहीत. ट्राउटडेलच्या लोकांनी नेमके उलटे केले.

आमच्या माहितीत दांडिया बाजाराच्या बाजूला एक वाडा आहे. मागच्या चौकाचे छप्पर पुढील पावसाळा काढील असे सुतार म्हणत नाही. एका महिला मंडळाने खालच्या सोप्यात पोळी-भाजी केंद्र चालवण्याची आणि पहिल्या दोन वर्षांचे भाडे छपराच्या कामासाठी आगाऊ देण्याची तयारी दाखवली आहे. दर्शनी भिंतीवर वाड्यात राहून गेलेल्या सर्वांची, भाडेकरू आणि गडीमाणसे धरून, नावे लिहावीत असेही ठरले आहे. सहा वारसांपैकी पाच जणांनी कागदावर सह्या केल्या आहेत. सहावे गृहस्थ या त्रैमासिकाचे जुने वर्गणीदार आहेत.