लाल दोरी कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या उपनगरात राहायला गेलेल्या आपल्या लेकीसुनांच्या घराला पुढचे दार असते, पण ते पाहुण्यांसाठी. घरच्यांची ये-जा गॅरेजमधून. गाडीत बसल्या बसल्या बटण दाबायचे, छताला टांगलेली मोटर दीड-दोनशे पौंडांचे दार वर ओढून घेते, गाडी आत जाते, दार खाली येते. पुढच्या दाराची किल्ली कित्येकींच्या पर्समध्ये नसतेच. म्हणजे घरात शिरण्याचा आणि घराबाहेर पडण्याचा बाईचा रस्ता एका यंत्रावर टांगलेला असतो. हे यंत्र बिघडले की काय करायचे, हे घरातल्या कुणाला माहीत असते? बहुतेक वेळा एकालाच.

मी व्यवसायाने समाजकार्यकर्ती आहे. समुपदेशनाच्या कामात परदेशी दिलेल्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलणे होते. मारहाण, पैसे न देणे, पासपोर्ट काढून घेणे या गोष्टी तर येतातच; पण त्यांच्या मागेपुढे बारीकसारीक तपशील येतात, ते मला जास्त अस्वस्थ करतात. एकीचे दार अर्ध्यावर अडकले आणि नवरा कामावरून येईपर्यंत ती तान्ह्या मुलाला घेऊन गॅरेजमध्ये उभी राहिली. तिला धाक होता तो दाराचा नव्हे, ‘तू कशाला हात लावलास?’ या प्रश्नाचा. नवऱ्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून गेलेल्या, म्हणजे एच-४ वर असलेल्या बायकांना पूर्वी नोकरी करताच येत नसे; २०१५ पासून त्यांतल्या काहींना परवानगी मिळू लागली. ज्या बाईचा देशातला मुक्कामच नवऱ्याच्या कागदावर उभा आहे, तिने घरातल्या यंत्राला हात लावायलाही त्याची परवानगी मागावी, यात व्यवस्थेला काही वावगे वाटत नाही.

‘बायकांना यंत्रातले कळत नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की आपणच ते म्हणू लागलो आहोत. गॅसचा सिलिंडर बदलून रेग्युलेटर बसवणे हे घरातले सर्वांत जोखमीचे जोडकाम. ते कोण करते? कुकरचा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, शिवणयंत्राच्या दोऱ्याचा ताण, मिक्सरच्या भांड्याची घासलेली कपलिंग, हे सगळे बिघाड आवाजावरून ओळखणारी बाई ‘गृहिणी’, आणि वर्षातून दोनदा फ्यूजची तार बदलणारा पुरुष मात्र ‘तंत्राची जाण असलेला’. कौशल्य कुणाच्या हातात आहे त्यावर त्याचे नाव ठरते! उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमात १९९० च्या दशकात गावातल्या बायका हातपंपाची दुरुस्ती शिकल्या. यातल्या पुष्कळजणींना अक्षरओळखही नव्हती. जमिनीखालून जड पाइप ओढून काढणे ज्यांना जमले, त्यांच्या शिकलेल्या बहिणींना गॅरेजचे दार का जमू नये?

तेव्हा, मैत्रिणींनो, सरळ दाराकडेच जाऊ. नित्याचे बिघाड ओळखणे अजिबात अवघड नाही. दार उघडते नीट, पण बंद होताना थोडे खाली येऊन परत वर जाते आणि मोटरचा दिवा उघडझाप करतो, असे असेल तर शंभरातल्या पुष्कळ वेळा दोष मोटरचा नसतो. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून फार तर सहा इंचांवर दोन लहान डोळे बसवलेले असतात. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो टिपतो. मध्ये केरसुणी, खोके, पानांचा कचरा आला, भिंगावर धूळ किंवा कोळिष्टक बसले, मुलाच्या सायकलचा धक्का लागून एक डोळा वाकडा झाला, की दार बंद व्हायला नकार देते. मऊ फडक्याने भिंग पुसावे आणि दोन्ही डोळे समोरासमोर येईपर्यंत हाताने हळूच वळवावेत. त्यांच्यावरचे बारीक दिवे स्थिर लागले की काम झाले. संध्याकाळचे तिरपे ऊन थेट डोळ्यात गेले तरी हाच त्रास होतो. अशा वेळी भिंतीवरचे बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरले तर बहुतेक दारे बंद होतात. मात्र दाराखाली कुणी नाही हे डोळ्यांनी पाहत राहायचे.

भिंतीवरचे बटण चालते पण हातातला रिमोट चालत नसेल तर आधी त्याची बॅटरी पाहावी. भिंतीवरच्या बटणाशेजारी कुलूप घालण्याचे एक बटण असते, ते चुकून दाबले गेले तर सगळे रिमोट मुके होतात. मोटरमध्ये नवा एलईडी दिवा लावल्यावर रिमोट चालेनासा झाला असेल तर तो दिवा काढून पाहावा. काही दिवे रेडिओ लहरींत अडथळा आणतात. काहीच चालत नसेल तर छतातला प्लग, सॉकेटवरचे पुन्हा चालू करण्याचे बटण आणि मीटरपेटीतला खटका, या क्रमाने पाहावे.

एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही, आणि ही बंदी बायकांसाठी नसून सगळ्यांसाठी आहे. दाराच्या वर आडव्या दांड्यावर जी जाड स्प्रिंग गुंडाळलेली असते, तीच खरे तर दाराचे वजन पेलते. मोटर केवळ ढकलते. ही स्प्रिंग तुटताना बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो आणि तिच्या वेटोळ्यांत मध्येच फट दिसते. मग मोटर घरघरते, पण दार उचलत नाही. अशा वेळी मोटर चालवू नये, स्प्रिंगचे स्क्रू सोडवू नयेत, कारागीर बोलवावा. स्प्रिंगमधल्या ताणाने हात मोडलेले आहेत, माणसे मेलेली आहेत. ‘मी करतो, तू बाजूला हो’ म्हणणाऱ्यालाही तिथे अडवावे.

आता लाल दोरी. मोटरच्या पट्टीवरून एक लाल मूठ लोंबत असते. दार बंद असताना ती ओढली की दार मोटरपासून सुटते आणि हाताने उचलता येते. वीज गेली, आग लागली, तर बाहेर पडण्याची वाट हीच. दार उघडे असताना मात्र ती ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळे दार खाली कोसळते. २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली आणि काही जणांना गॅरेजचे दार वेळेवर उघडता आले नाही. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने कायदा केला: १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटरीला बॅटरीची जोड हवी. त्याआधी, दाराखाली सापडून मुले मेल्यावर, १९९० च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षेच्या अटी घातल्या आणि १९९३ पासून बनणाऱ्या मोटरींना ते डोळे किंवा तशीच दुसरी सोय सक्तीची झाली. कायदा यंत्राला शहाणे करतो. लाल दोरी कशासाठी आहे हे घरातल्या बाईला सांगण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही.

आणि न सांगण्यात काहींचा फायदाही असतो. अलीकडे दार मोबाइलवरून उघडते. बायको कधी बाहेर गेली, कधी आली, याची नोंद नवऱ्याला कचेरीत बसून मिळते. भांडण झाल्यावर रिमोट काढून घेतला, कोड बदलला, की फिरायला गेलेली बाई अंगणात उभी. कुलपे, दिवे, तापमान यांची अशी दूरची हुकमत घरगुती हिंसेत वापरली जाते, हे अमेरिकी वृत्तपत्रांनी २०१८ मध्येच ठळकपणे लिहिले. मोटरवरचे कोड शिकवण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले की जुने सगळे रिमोट पुसले जातात; वेगळी झालेली बाई घर स्वतःकडे ठेवत असेल तर तिने हे जरूर करावे. पण मारणाऱ्या माणसासोबत राहत असताना परस्पर करू नये. त्याला ते लगेच कळते आणि राग बाईवर निघतो. आधी पुढच्या दाराची एक किल्ली शेजारणीकडे ठेवावी आणि जाणत्या कार्यकर्तीशी बोलावे. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून, न्यू यॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून, सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘मैत्री’ १९९१ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी हेच काम करत आहेत.

लेकीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने तिकडे जाणाऱ्या आयांचेही यात काम आहे. डिंकाचे लाडू आणि मेतकूट नेताच, तसे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात लेकीला सोबत घ्या, दार बंद करा, लाल मूठ ओढून दोघींनी ते हाताने उचलून पाहा. अर्ध्यावर सोडले तर ते तिथेच थांबायला हवे. खाली घसरले किंवा उचलताच आले नाही तर स्प्रिंग तपासायला माणूस बोलवा, आणि तो आला की जावई घरी नसला तरी त्याच्याशी तुम्हीच बोला.