आधी घडले, म्हणून उगम?

१/ रोलंडचे टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारला पर्याय म्हणून निघाले. नक्कल साधली नाही. १९८४ मध्ये उत्पादन थांबले.

२/ मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच त्याच्या साथीने दहा रागांची तबकडी काढली होती. शिकागोत फ्यूचर या गटाने जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या त्याच यंत्रावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ घडवले. ते प्रसिद्ध झाले १९८७ मध्ये.

३/ म्हणून सिंग हे ‘ॲसिड हाउसचे जनक’? मला हे मान्य नाही. कालक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

४/ माझ्याकडे त्या यंत्राची स्वस्त प्रतिकृती आहे. फिल्टरचे बटण फिरवताच तो चिरका सूर माझ्यासारख्या नवख्याच्या हातूनही उमटतो. मुंबईला तो स्वतंत्रपणे गवसला. सिंग यांच्या थोरवीला एवढे पुरेसे आहे.