अर्धवट कामाचीही मुलाखत द्या!

यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी देशभर गाजलं ते ऑगस्ट २०२१मध्ये. गावातला २४ वर्षांचा वेल्डर शेख इस्माईल शेख इब्राहिम, म्हणजे मुन्ना, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेत होता. मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. आठवीपर्यंत शिकलेल्या या पोराची जिद्द मग सगळ्यांनी छापली. ते वाचायला तो नव्हता.

मुलाखतीनं त्याचा जीव वाचला असता, असा दावा मी करणार नाही. पण एकट्यानं काहीतरी घडवणाऱ्यांनी यातून शिकावं. हॉस्टेलच्या खोलीत गेम बनवणारे आपले मित्रही ‘पूर्ण झाल्यावर सांगू’ म्हणून गप्प बसतात. अरे, आधीच सांगा ना! मुलाखत म्हणजे नुसती प्रसिद्धी नव्हे. बाहेरचा माणूस ‘हे बिघडलं तर?’ विचारतो, तेव्हा आपल्यालाही चूक दिसते.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’नं ‘राजी’ हा गेम अर्धवट असतानाच लोकांपुढे मांडला. २०१७मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी २०२०मध्ये गेम आला.

म्हणून काय चालतंय, काय अडलंय, कुठली मदत हवी, हे बेधडक सांगा. आणि पत्रकारांनो, तुम्हीही काम चालू असतानाच या. कौतुक जरूर करा, पण अवघड प्रश्न विचारल्याशिवाय परत जाऊ नका.