आधी ड्रायव्हरची पाठ वाचवा

खड्ड्यांच्या रस्त्यावर एस.टी.च्या मागच्या बाकावर ज्याने तीन तास काढले आहेत, त्याला शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे महत्त्व सांगायला नको. पण प्रवासी आपले गाव आले की उतरतो. ड्रायव्हर मात्र दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांवर त्याच आसनावर असतो. सततच्या गचक्यांनी कंबर आणि मणके धरतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केली आहे.

नेहमीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे तेलाने भरलेली नळी. तीत दट्ट्या खालीवर होतो, तेल बारीक छिद्रांतून वाट काढते आणि धक्का त्यात जिरतो. छिद्रे कारखान्यात एकदा ठरली की ठरली. ती मोठी ठेवली तर गाडी वळणावर झुलते. लहान ठेवली तर प्रत्येक खड्डा पाठीला कळतो.

यावर उपाय आहे. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळायचे आणि दट्ट्यात तारेचे वेटोळे बसवायचे. वीज सोडताच चुंबकीय क्षेत्रात कणांच्या साखळ्या जुळतात आणि तेल घट्ट होते. वीज थांबली की पुन्हा पातळ. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत! अमेरिकेत जेकब राबिनो यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस अशा द्रवाचा वापर करून दाखवला होता. पुढे तिथल्याच लॉर्ड कॉर्पोरेशनने १९९०च्या दशकात ट्रकचालकांच्या आसनाखाली हे तंत्र बसवले. सुरुवात योग्य जागी झाली होती. पण २००२मध्ये ते कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आले, मग कॉर्व्हेट, ऑडी, फेरारी अशा गाड्यांत, आणि त्याची ओळख बनली ती श्रीमंतांची चैन म्हणून.

कोणी म्हणेल, आधी रस्ते नीट करा. मागणी रास्तच आहे. पण रस्ते होईपर्यंत ड्रायव्हरने काय करावे? हा द्रव महाग असतो, त्यातले कण सील झिजवतात, हेही खरे. मात्र गाडीच्या चारही चाकांना चार मोठे अ‍ॅब्सॉर्बर बसवणे वेगळे आणि आसनाखाली एक लहानसा बसवणे वेगळे.

शिवाय हट्ट यंत्राचा नकोच, मोजमापाचा हवा. युरोपीय महासंघाने २००२च्या निर्देशात कामगाराच्या शरीराला आठ तासांच्या हिशेबाने किती कंपन सोसावे लागावे याची कमाल मर्यादाच घातली: १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग. अशीच अट आपल्या एस.टी.ने आणि महापालिकांच्या परिवहन सेवांनी बसखरेदीच्या निविदेत घालावी. मग उत्पादकाने चुंबकी तेल वापरावे, हवेची उशी वापरावी, नाहीतर आणखी काही; ड्रायव्हरच्या आसनावरचा आकडा तेवढा मर्यादेत दिसला पाहिजे.

बसचे आयुष्य किती, याचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो. तिच्या ड्रायव्हरच्या पाठीचे आयुष्य किती, हेही एकदा त्याच वहीत लिहायला हवे.