महिन्याभरात बाजी कशी पलटली?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये १२ संघांचा प्लेऑफ आल्यापासून एका मोसमात तेच संघ पुन्हा भिडण्याची शक्यता वाढली आहे. मग आधीचा निकाल किती गंभीरपणे घ्यायचा?

एकाच राज्यातले कट्टर प्रतिस्पर्धी फ्लोरिडा आणि फ्लोरिडा स्टेट यांचं उदाहरण बघा. ३० नोव्हेंबर १९९६ ला फ्लोरिडा २४-२१ ने हरला. क्वार्टरबॅक डॅनी वर्फेल सारखा आपटला जात होता. प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांनी उशिरा मारलेल्या धडकांची जाहीर तक्रार केली. पण खरा इलाज डावपेचात होता.

२ जानेवारी १९९७ च्या शुगर बोलमध्ये वर्फेल ‘शॉटगन’मध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूपासून काही पावलं मागे उभा राहिला. पास टाकायला वेळ मिळाला. ३०६ यार्ड, ३ टचडाउन पास! २४-२० नंतरचे सगळे २८ गुण फ्लोरिडाचे, निकाल ५२-२०.

नशीबही होतंच. आदल्या दिवशी अपराजित ॲरिझोना स्टेट हरला, म्हणून फ्लोरिडाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं.